जोडदांडा बसेना!

"ढकल! अजून जरा ढकल!"

"बाबा, बसतच नाहीये!" चष्मिश घामाघूम झाला होता.

काकांच्या शेडमध्ये एक वाफेचं इंजिन तयार होत होतं. नुसतं बघायचं खेळणं नव्हे, तिघं मुलं वर बसून फिरू शकतील एवढं मोठं! बॉयलर झाला, सिलिंडर झाले. पुढची आणि मागची चाकं जोडणारे दोन जोडदांडे तेवढे राहिले होते. ते काकांच्या मुलाने, म्हणजे चष्मिशने, स्वतः आखून, कापून, भोकं पाडून बनवले होते. आणि आता एकही दांडा चाकांच्या खुंट्यांवर बसत नव्हता!

दाराशी उभ्या असलेल्या भिंगरीला मनातून गुदगुल्या होत होत्या. सुट्टीत काकांकडे आल्यापासून तिचा नुसता जळफळाट चालला होता. मशिनवर हात चष्मिशचा! नकाशे काढणार चष्मिश! रविवारी इंजिन पहिल्यांदा चालवणारही तोच! हिच्या वाट्याला काय, तर झाडू आणि लोखंडाचा कीस.

काकांनी भिंतीवरच्या पट्टीने दोन्ही दांडे मोजले. "तीन मिलिमीटर जास्त! दोन्ही वाया! लक्ष कुठे असतं तुझं?"

"पण बाबा, मी नीट मोजून..."

"पुरे! भिंगरे, इकडे ये. नवे दांडे तू आख. बसले, तर रविवारी इंजिन तू चालवायचं!"

भिंगरीला आकाश ठेंगणं झालं. चष्मिशच्या ड्रॉवरमधल्या चकचकीत पट्टीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची वस्तू वापरते माझी बला! भिंतीवर टांगलेली जुनी काळपट पट्टी काढून तिने खुणा केल्या, भोकांच्या जागी पंच ठोकून खळगे पाडले आणि काकांना शेजारी उभं करून ड्रिल चालवलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही दांडे खुंट्यांवर अलगद बसले.

"शाब्बास!" काका ओरडले. "शीक जरा हिच्याकडून!"

चष्मिशने मान खाली घातली. भिंगरीने ती अगदी डोळे भरून पाहिली.

काका चहाला गेले. भिंगरीचा धाकटा भाऊ सतत तिच्या मागे मागे असायचा, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. त्याने टाकून दिलेले दांडे उचलले.

"ताई, चूक झाली तर एक दांडा कमी, एक जास्त व्हायला हवा ना? दोन्ही सारखेच जास्त कसे?"

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

पण प्रश्न डोक्यातून जाईना. तिने चष्मिशची पट्टी दांड्याला लावली. भोकापासून भोकापर्यंत बरोबर तीनशे! मग काळपट पट्टी लावली. तीनशे तीन!

तिने दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवात जुळली, पण पुढच्या रेघा हळूहळू मागेपुढे होत गेल्या.

"अरेच्चा! चष्मिशची पट्टीच लांब आहे!" शेपूट किंचाळला.

"हळू बोल!" भिंगरीने त्याचं तोंड दाबलं.

पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली की झालं. कुणाला कळणार होतं? खिडकीतून तिला अंगण दिसत होतं. चष्मिश मुकाट्याने तिचाच झाडू घेऊन कीस गोळा करत होता. सुट्टीभर तिने हेच तर मागितलं होतं! मग मजा का येत नव्हती?

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर आपटल्या. "काका, चूक चष्मिशची नाही! पट्टीची आहे!"

काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! ही साचे बनवणाऱ्या आजोबांची! चाकं ओतायच्या वेळी मीच मागून आणली आणि ड्रॉवरमध्ये टाकून विसरलो. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं. म्हणून साचा मुद्दाम थोडा मोठा करतात आणि तो मोजायची पट्टीही तेवढीच लांब आखलेली असते!"

"म्हणजे वेंधळेपणा तुमचा, आणि बोलणी खाल्ली पोराने!" काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मिशला आत बोलावून जवळ घेतलं. "चुकलो रे!" मग ते भिंगरीकडे वळले. "पोरी, तू गप्प बसली असतीस तर मला कधीच कळलं नसतं. दांडे बनवणं सोपं होतं, हे अवघड होतं. पण शब्द दिलाय मी. रविवारी इंजिन चालवायचा मान तुझाच."

भिंगरीने चष्मिशकडे पाहिलं. तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर तिला चांगलीच ओळखीची होती. सुट्टीभर ती त्याच्याकडे अशीच तर बघत आली होती!

"चालव तूच," ती दातओठ खात म्हणाली.

"खरंच?" चष्मिशचा चेहरा फुलला.

"हो! पण एवढा हसू नकोस हं, नाहीतर माझा विचार बदलेल!"