कपाटातले आजोबा

फोन वाजला तेव्हा फौजदारबाई आईला दुधात कालवलेला पाव भरवत होत्या. चमचाभर तोंडात, अर्धा हनुवटीवर.

"मॅडम, संग्रहालयातून आजोबा चोरीला गेले," पलीकडून हवालदार म्हणाला.

"कुणाचे आजोबा?"

"सगळ्यांचेच, असं म्हणतायत."

फौजदारबाईंनी डोळे मिटले. आईने रात्रभर जागवलं होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि निवृत्ती हाकेच्या अंतरावर असूनही हाक काही ऐकत नव्हती. त्यांनी शेजारणीच्या हाती चमचा दिला आणि चपला घातल्या.

आजोबा म्हणजे एक जबडा निघाला. निअँडरथल माणसाचा, गुहेत सापडलेला. निअँडरथल म्हणजे आपलं चुलत घराणं; हजारो वर्षांपूर्वी ते संपलं, पण आपल्या रक्तात थोडंसं मागे ठेवून गेलं. या जबड्यात एकही दात नव्हता. ज्यांनी तो शोधला, त्या सरांनी जगाला सांगितलं होतं की दात पडल्यावरही हा म्हातारा कित्येक वर्षं जगला. म्हणजे कुणीतरी त्याला मऊ करून भरवलं असणार. ज्यांना आपण रानटी म्हणतो, ते आपली थकलेली माणसं सांभाळत होते. एवढ्या एका गोष्टीवर सरांचं नाव झालं आणि हे संग्रहालय उभं राहिलं.

प्रयोगशाळेत लोखंडी कपाट उघडं होतं. कुलूप शाबूत. पेटीतल्या फोमला जबड्याच्या आकाराची खाच होती, आणि खाचेच्या कडेने पांढराशुभ्र कापूस ठासलेला. फोम जुना, पिवळा पडलेला. कापूस नवा. खोलीत आंबूस वास भरून राहिला होता.

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक घरी बाबांकडे," संग्रहालयाच्या प्रमुख म्हणाल्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत. त्या सरांच्या सूनबाई. सरांचा मुलगा अकाली गेला, तेव्हा त्या माहेरी गेल्या नाहीत. सासऱ्यांजवळ राहिल्या आणि त्यांचंच काम शिकल्या. आता सर अंथरुणाला खिळले होते.

"हा वास कसला?"

"व्हिनेगर. काचा पुसल्या काल."

फौजदारबाईंनी खिडकीकडे पाहिलं. काचांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ होती. मोरीच्या जाळीत राखाडी कच अडकली होती. त्यांनी चिमूटभर बोटांत चुरली आणि हात धुतले.

पहारेकरी पाय ओढत आला.

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

"ही पाहुणी सोडून कुणी नाही. तीही काल संध्याकाळीच आली आणि लगेच गेली."

"वहिनी उशिरापर्यंत थांबतात?"

"आठवडाभर थांबतायत. माझाही डोळ्याला डोळा नाही त्यामुळे."

पाहुणी म्हणजे परगावची तरुण संशोधक. रडवेली झाली होती. "मॅडम, सगळे माझ्याकडेच चोरासारखं बघतायत. मी तर जबडा अजून पाहिलासुद्धा नाही!"

"आज काय करणार होतीस त्याचं?"

"साफ करणार होते. दातांच्या जागेवर गुहेतला चुना दगडासारखा बसलाय. सरांनी तो कधी काढू दिला नव्हता. पातळ आम्लाने तो हळूहळू सुटतो. खाली काय दिसतं ते महत्त्वाचं."

"काय दिसेल?"

"माणूस जिवंत असताना दात पडले, तर दातांच्या खाचा हाडाने भरून येतात. मेल्यावर पडले, तर त्या उघड्याच राहतात."

फौजदारबाईंना आईचं तोंड आठवलं. दात गेल्यावर हिरड्या कशा सपाट झाल्या, हनुवटी कशी नाकाला भेटायला निघाली. त्या उठल्या. "चल माझ्याबरोबर. वहिनी, तुम्हीही. सरांना भेटू या."

सरांच्या घरी बाहेरच्या खोलीत तिघी बसल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. औषधांचा वास तिथपर्यंत येत होता.

"मी फार दमलेय," फौजदारबाई म्हणाल्या, "तेव्हा आडवळणं नकोत. वहिनी, जबडा तुम्ही साफ केलात."

वहिनींनी पदर घट्ट धरला. "कोण म्हणतं?"

"पेटीतला कापूस म्हणतो. फोमची खाच चुन्यासकट जबड्याच्या मापाची होती. चुना निघाला, जबडा रोडावला, पेटीत खडखडायला लागला. म्हणून कुणीतरी जपून कापूस भरला. चोर असा जपत नाही. मोरीत चुन्याची कच आहे, आणि खोलीत व्हिनेगरचा वास आहे; तेही पातळ आम्लच. काचा मात्र पुसलेल्या नाहीत. आठवडाभर थांबून काम केलं ते कुणी? ही मुलगी तर काल आली."

"साफ करणं गुन्हा आहे?"

"नाही. मग लपवलंत का? खाली जे दिसलं, ते दिसायला नको होतं म्हणून. दातांच्या खाचा उघड्या निघाल्या, हो ना?"

वहिनी म्हणाल्या, "धारदार कडांच्या. काल दात पडल्यासारख्या. मला वाटलं होतं, पाहुणी यायच्या आधी आपणच स्वच्छ करून ठेवावं. बाबांचं म्हणणं कसं स्पष्ट दिसेल! आणि दिसलं ते हे." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस राहिलेत. तेवढे दिवस मला हवे होते. नंतर मीच सापडला म्हणून आणून दिला असता."

"आणि तोवर चोर मी?" पाहुणीने विचारलं.

वहिनींनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"टाकून द्यायचं किंवा फोडायचं तुमच्या हातून झालं नसतं," फौजदारबाई म्हणाल्या. "हाड हाडांतच असेल."

"तरसाच्या हाडांच्या खणात. खालून दुसरा."

"म्हणजे वस्तू इमारतीबाहेर गेलीच नाही. मी 'ठेवलेल्या जागी नव्हती, दुसऱ्या जागी सापडली' असं लिहीन. बाकीचं या मुलीशी तुम्ही निस्तरा."

पाहुणी हळूच म्हणाली, "थकलेली माणसं ते लोक सांभाळतच होते, वहिनी. दुसरीकडच्या सांगाड्यांवरून ते दिसलंय. फक्त हा जबडा त्याचा पुरावा नाही."

"सूनबाई!" आतून खोल गेलेला आवाज आला. "माझे पाय गेलेत. कान गेलेले नाहीत. सगळ्या आत या."

उशीवर सर म्हणजे नाक आणि डोळे एवढेच उरले होते. वहिनी पायाशी बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवलं.

"चुन्याबाहेरचं कडेचं हाड भरून सपाट झालेलं दिसलं, बाकीचंही तसंच असणार असं मी धरून चाललो," सर म्हणाले. "पुढे चुना काढायची हिंमत झाली नाही. ज्या कामाला मी भ्यालो, ते तुझ्या गळ्यात पडलं, पोरी. रडू नकोस. सांग, हाड कसं आहे?"

"काय?"

"हाड गं! झिजलेलं? विरळ?"

वहिनींनी डोळे पुसले. "नाही बाबा. चांगलं घट्ट आहे. म्हाताऱ्याचं वाटत नाही."

सरांच्या कपाळावरची शीर हलली. "तरणाताठा गडी! आणि मी जन्मभर त्याला आजोबा म्हणत आलो!" ते हसू लागले, हसता हसता खोकला लागला, वहिनींनी पाठ चोळली तरी हसू थांबेना. श्वास परत आल्यावर त्यांनी पाहुणीकडे बोट केलं.

"मग मेला कशानं तो?"

पाहुणी वहिनींकडे बघू लागली.

"उभी काय राहिलीस? जा, घेऊन ये त्याला. भिंग पण आण."