काकडी कोण कापतं?

तो दुकानात शिरला तेव्हा दोन्ही हातांत एक खोकं होतं आणि पँट खाली निघाली होती. कोपरं बरगड्यांना दाबून, गुडघे जुळवून, बदकासारखा चालत तो काउंटरपाशी आला.

"पटकन काहीतरी करा... हे खोकं खाली ठेवता येत नाही."

"का, बॉम्ब आहे?"

"कवळ्या आहेत. मेणात बसवलेल्या. जरा धक्का लागला तर एका आजोबांचं हसू कायमचं वाकडं होईल."

काउंटरमागची मुलगी हसली नाही, कारण तिच्या ओठांत टाचण्या होत्या. गल्लीत तिला टाचणीच म्हणायचे. काहीजण या टाचण्यांवरून, बाकीचे बोलण्यावरून. मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात कपडे आत घेणं, सैल करणं हे तिचं काम. तिने त्याच्या कमरेभोवती एक फेरी मारली, कापड मुठीत धरलं आणि टाचणी लावली.

"श्वास घ्या. टोचणार नाही."

"टोचलं तरी चालेल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

तो समोरच्या लॅबमध्ये कवळ्या करायचा. डॉक्टरांनी साखरेची भीती घातल्यापासून पाव बंद, बटाटा बंद, गोड बंद. "सकाळी दोन अंडी फेटायची, तव्यावर टाकायची. पाच मिनिटांत नाश्ता," त्याने अशा अभिमानाने सांगितलं, जणू अंडी त्यानेच घातली होती.

मग तो दर शनिवारी सकाळी यायला लागला. पँट परत सैल व्हायची. टाचणी शिवत बसायची, तो स्टुलावर डबा उघडायचा आणि म्हणायचा, "घ्या ना." पहिल्यांदा डब्यात मशरूम घातलेलं साधं ऑम्लेट होतं. नंतर काकडी पोखरून केलेल्या होड्या आल्या, आत चीज. मग उकडलेल्या अंड्यांची कमळं. आणि एक दिवस लाल मुळ्याचा गुलाब, अगदी पाकळ्यांसकट.

टाचणीने गुलाब पाहिला आणि ओळखलं – बाईचा हात. आईचा नव्हे. आई झाकण लागेना इतका डबा भरते, पाकळ्या कोरत बसत नाही. ही दुसरीच कोणीतरी. लांब बोटांची, सकाळी सकाळी केस धुऊन गुणगुणणारी...

"अगं, विचार की त्याला," मावशी म्हणाली.

"मला काय करायचंय? त्याची काकडी, त्याची कापणारी." आणि तिने दोरा दातांनी तोडला.

त्या दिवशी पँट तिने हवी त्याहून जरा जास्तच आत घेतली. पुढच्या शनिवारी आणखी. पँट घट्ट झाली की याला वाटणार, वजन वाढलं. वजन वाढलं की याचं आणि काकडीवालीचं वाजणार. डबा बंद. बेत अगदी सरळ होता, माणूसच वाकडा निघाला.

"काटा म्हणतो कमी झालं, पँट म्हणते वाढलं," तो काळजीने म्हणाला. "मी नवा काटा आणला. तोही पँटीच्या विरोधात आहे."

"मग?"

"चीज सोडलं."

मग ऑम्लेट सुटलं. मग कमळं. गालफडं बसली, शेवटी डब्यात उरला एकटा गुलाब. स्टुलावर तो डुलायला लागला तसं टाचणीने त्याला खांद्याला धरून सावरलं. पण गुलाब तेवढा टवटवीत होता, आणि तो बघून तिने हात लगेच काढून घेतला.

पुढच्या शनिवारी तो पँट घालून बघायला पडद्याआड गेला, बुटाची नाडी बांधायला वाकला आणि बटण पडद्यावरून उडून थेट मावशीच्या चहात पडलं. पाठोपाठ आवाज आला – टर्र.

मावशीने चमच्याने बटण बाहेर काढलं. "तरी मी म्हणत होते. दर वेळी एवढं आत घेतेस, तो माणूस आहे की सुतळी?"

पडद्याआडून हळूच आवाज आला, "म्हणजे... माझं वजन वाढलंच नव्हतं?"

"पँट द्या इकडे," टाचणी पुटपुटली. "शिवून देते."

पडद्यावरून पँट आली. ती हातात पडल्यावर मात्र तिला एकदम धीर आला. बिनपँटीचा माणूस पळून जाऊ शकत नाही.

"आधी सांगा, काकडी कोण कापतं?"

"काय?"

"काकडी. मुळा. ती कमळं. कोण आहे ती?"

"मी."

"थापा नका मारू."

"अहो, दिवसभर मेणाचे दात कोरतो मी. दाढेवरच्या खाचासुद्धा. मुळा म्हणजे मला सुट्टी."

"स्वतःसाठी कोणी गुलाब कोरतं का?"

"स्वतःसाठी कुठे... दर वेळी 'घ्या ना' म्हणायचो. तुम्ही एकदाही घेतला नाहीत, मग मलाच खावा लागायचा. तिखट असतो हो मुळा."

तिची सुई थांबली.

"डॉक्टर तर केव्हाच म्हणाले, आता वजन उतरवणं पुरे," तो पुढे म्हणाला. "पण पँट सैल झाली नाही, तर इथे यायचं काय सांगून?"

मावशी उठली. "मी जरा दोरा घेऊन येते," असं म्हणून ती भिंतभर दोरे असलेल्या त्या दुकानातून बाहेर पडली.

"वेडेच आहात तुम्ही," टाचणी म्हणाली.

"आणि तुम्ही शहाण्या. उपाशी मारलंत मला."

"दुसरी कोणी असेल असं वाटलं की... सहन होत नाही मला."

"का पण?"

"आता सगळंच बोलायचं का? पँट नको?"

"पँट थांबेल. बोला."

"...आवडता तुम्ही."

"परत बोला. पडदा जाड आहे."

"ऐकू गेलंय तुम्हाला." तिने शेवटचा टाका घातला. "सोमवारी सकाळी या. अंडी मी करते, चीज भरपूर घालून. गुलाब आणा. खाईन."

पँट तिने पडद्यावरून आत सरकवली. पलीकडून त्याने ती धरली, पँटीबरोबर तिची बोटंही. कोणीच सोडेना.

"बरं झालं बोललात," तो हळूच म्हणाला. "नाहीतर आमच्या लॅबमधली ती नवीन मुलगी रोज मागे लागते, गुलाब कोरायला शिकवा म्हणून."

तिची पँटीवरची पकड घट्ट झाली.

"शिकवलंत?"

"थोडंसं... पाकळ्यांपर्यंत."

अर्धी आत गेलेली पँट हळूहळू पुन्हा बाहेर सरकायला लागली.