फोटोत यायची घाई

मामा गेल्यावर त्याच्या कपाटातलं बहुतेक सगळं वाटून झालं. राहिला तो कॅमेरा. रोल घालायचा, जुना, हातात घेतला की मनगट दुखावं इतका जड. सोबत चामड्याचं कव्हर, दोन जादा लेन्स, लाइट मीटर, फ्लॅश आणि तीन पायांचा स्टँड. चिमीने जाहिरात दिली. चिमी म्हणजे मामाची भाची. चष्म्याच्या दुकानात लोकांना चाळिशी विकता विकता तिला स्वतःलाच चाळिशी लागली, तरी घरात ती चिमीच राहिली होती. कॅमेरा विकायला तिची आई नाखूश होती. भावाची एवढी एकच वस्तू उरली आहे, असं म्हणे. पण घरात तो वापरणारं कोणी उरलं नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते संध्याकाळी, आभाळ भरून घरात काळोखी दाटली असताना. गणित शिकवणारे एक सर. अशा कॅमेऱ्यांचा त्यांना नाद होता. बोलणं मऊ, हात त्याहून मऊ. खिडकीशी जाऊन त्यांनी लेन्सला बुरशी लागली आहे का ते पाहिलं, शटर कानाशी नेऊन ऐकलं. सगळं ठाकठीक निघालं. मग कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या छोट्या खटक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हा टायमर चालतो का?

तो चालतो हे चिमीला लहानपणापासून ठाऊक होतं. घरातला एकूण एक ग्रुप फोटो मामाने त्यावरच काढलेला. सगळ्यांना दाटीवाटीने बसवायचा, खटका ओढायचा, आणि कॅमेरा कुरकुरायला लागला की धावत येऊन कडेला जागा धरायचा. प्रत्येक फोटोत तो धापा टाकतानाच दिसे.

सरांनी कॅमेरा स्टँडवर चढवला. आत रोल नव्हता. त्यांनी खटका खाली ओढला आणि सोडला.

चर्रर्र... लाकडात किडा कुरतडत असावा तसा बारीक, एकसुरी आवाज खोलीत भरून राहिला.

आणि आतल्या खोलीतून कोणीतरी धावत आलं.

पावलं अनवाणी होती. पॅसेजमधून आली, दाराशी अडली नाहीत, थेट सोफ्यापाशी येऊन थांबली. दिसलं काहीच नाही. ओल्या लोकरीसारखा वास मात्र आला, आणि त्याबरोबर अगदी जवळून कोणाची तरी धाप. सोफ्यावर आई बसली होती. जन्मभराची सवय असावी तशी ती जराशी सरकली आणि शेजारी जागा करून दिली.

खट्.

धाप थांबली.

"घरात... आणखी कोण आहे?" सरांनी हळूच विचारलं.

"आम्ही दोघीच."

कॅमेरा नका घेऊ, असं चिमीने त्यांना सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. सर हसले. वरच्या मजल्यावर कोणी धावलं असेल, इमारतीत आवाज कुठून कुठे जातात, असं म्हणाले. वस्तूवर जीव बसलेल्या माणसाला कारण सापडतंच. सगळं सामान व्यवस्थित बांधून ते गेले.

"दादाच होता," आई म्हणाली, आणि त्या रात्री कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली.

झोप उडाली ती चिमीची. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे ती भलत्याच नंबरच्या काचा धरू लागली. आपण मामाला परक्या घरी धाडलं, की त्या बिचाऱ्या घराच्या गळ्यात काही बांधलं, हे तिला ठरवता येईना. सरांना फोन करावा असं रोज वाटे, आणि रोज राहून जाई.

शेवटी त्यांचाच आला. आवाज इतका खाली की चिमीला फोन कानावर दाबून धरावा लागला. टायमर लावून त्यांनी घरच्यांचा फोटो काढला होता. ते, बायको आणि लहान मुलगी. पावलं वाजली नाहीत, काही नाही, म्हणून ते निर्धास्त होते. आज रोल धुऊन आला.

"मुलगी आमच्यामध्ये खाली उभी होती, ताई. तिला कोणीच उचललं नव्हतं. आणि फोटोत ती... माझ्या खांद्याएवढी वर आहे. कोणीतरी कडेवर घेतल्यासारखी. कोणाच्या तरी गळ्यात हात टाकून."

चिमीने फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. भाऊ तिथे नीट पोचला, एवढं तरी समाधान आईला होईल असं तिला वाटलं. पण आईचा चेहरा पांढरा पडला.

"दादाने जन्मात कोणाचं मूल उचललं नाही," ती म्हणाली. "हातातून पडेल म्हणून भ्यायचा. तुलासुद्धा कधी घेतलं नाही."

फोनमधून लांबून एका मुलीचं खिदळणं ऐकू येत होतं. वर उडवून झेललं की मुलं हसतात, तसं.

"मुलगी कोणाजवळ आहे?" चिमीने विचारलं.

"आत आहे, आईजवळ," सर म्हणाले. मग पलीकडे एक बाई काहीतरी कुजबुजली.

"नाही..." सर म्हणाले. "तिची आई इथे आहे. माझ्याशेजारी उभी आहे..."