दोन जागांचं पाणी

चोपड्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली आणि जागा धरायच्या गडबडीत कुणाचा तरी पाण्याचा कॅन प्रमिलाबाईंच्या मांडीवर कलंडला. माघातली सकाळ होती. गार पाणी इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतून थेट गुडघ्यापर्यंत उतरलं.

"अहो! डोळे आहेत का..."

"आहेत ना. चष्मा तेवढा खिशात आहे," समोरचे गृहस्थ म्हणाले आणि कॅन उचलून उजेडात धरला. "अरे देवा... आता डाळीपुरतं तरी उरलंय का?"

"साडी माझी भिजली आणि काळजी पाण्याची! गंगाजल आहे वाटतं?"

"सुपडू पाटलांच्या विहिरीचं आहे."

प्रमिलाबाई चमकल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी सुपडू पाटलांनी दोन जागा विकायला काढल्या होत्या, आणि त्यातली एक प्रमिलाबाईंनी मनातल्या मनात कधीच घेऊन टाकली होती. बावीस वर्षं त्या डोंगराखालच्या दवाखान्यात नर्स होत्या. निम्म्या पोरांच्या नाळा त्यांच्या हातांनी कापल्या होत्या. येत्या मार्चअखेर निवृत्ती. धाकटे भाऊ शिकवता शिकवता, त्यांची लग्नं लावता लावता स्वतःचं लग्न राहून गेलं होतं, तेव्हा जायचं तरी कुठे? डोंगर होता, माणसं ओळखीची होती.

गृहस्थांचं नाव अभिमन सोनवणे. जळगावच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर, तेही यंदाच निवृत्त व्हायचे. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी सुरतेला सासरी.

"आणि पाणी कशाला नेताय?"

"डाळ शिजवून बघायला. ज्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, तिथं म्हातारपण काढू नये, असं माझं मत आहे. नऊ वर्षं स्वतः रांधतोय, अनुभवाचे बोल आहेत."

"कुकरात लावा की. दगडसुद्धा शिजेल."

"तिथंच तर फसवणूक होते, बाई. उघड्या पातेल्यात पाणी खोटं बोलू शकत नाही."

प्रमिलाबाईंना हसू फुटलं. ते लपवायला त्यांनी ओला पदर झटकला, तर दोन थेंब गुरुजींच्या मिशीवर उडाले. गुरुजींनी पुसले नाहीत.

गाडी अडावदच्या पुढे गेली तोवर कळलं, की गुरुजींचं मन दोन ठिकाणी आहे. एक ही डोंगराखालची जागा, आणि दुसरी सावद्याच्या बाजूला, तापीच्या काठावर.

"डोंगर एकदा काढला की झाला," गुरुजी म्हणाले. "नदी रोज निराळी काढावी लागते."

"नदी निघून जाते, गुरुजी. डोंगर थांबतो."

गुरुजींनी तेव्हा कुठे चष्मा लावला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं," ते हळूच म्हणाले.

डाळीचा निकाल कळवायचं ठरलं. शेजारच्याच जागेचा प्रश्न होता, दुसरं काही नाही, असं प्रमिलाबाईंनी स्वतःला बजावलं. पण पुढचे आठ दिवस पोस्टमनची सायकल वाजली, की त्यांच्या हातातलं थर्मामीटर पेशंटच्या तोंडात जरा जास्तच वेळ राही.

पहिलं कार्ड आलं. "पाटलांची विहीर : दीड तास उकळूनही दाणे राहिले. कदाचित कॅनचा दोष असेल. पुन्हा जागेवर येऊन बघेन." खाली पेनाने काढलेला छोटासा डोंगर, आणि पायथ्याशी पांढऱ्या साडीतली एक बाई. बाई नखाएवढी होती, पण उभी राहायची ढब अगदी त्यांचीच. ते कार्ड प्रमिलाबाईंनी सतरा वेळा पाहिलं.

मग दुसरं आलं.

"नदीकाठ : डाळ पाऊण तासात लोण्यासारखी. शेजारच्या मळ्यातल्या वच्छलाबाईंनी करून दिली. वर वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. फारच अगत्याची बाई." खाली तापी, तापीच्या काठी चूल, आणि चुलीपुढे पाठमोरी बसलेली बाई. तिचा अंबाडा! एकेक केस काढला होता मेल्याने.

वयाची अठ्ठावन्न वर्षं ज्या बाईने कुणाचा हेवा केला नाही, तिच्या पोटात आग पेटली. जाऊबाई नव्हत्या, सवत नव्हती, मत्सर करायला माणूसच नव्हतं आयुष्यात. आता एकदम सगळी थकबाकी वसूल होऊ लागली. पाऊण तासात डाळ? उघड्या पातेल्यात? सोडा घातला असणार! नक्कीच सोडा घातला. भोळ्या माणसाला नदीकाठी ओढायचा डाव आहे सगळा.

जळगावला मीटिंग निघाली, तशी त्यांनी एक दिवसाची रजा जोडली, पिशवीत पावशेर डाळ बांधली आणि सावद्याची गाडी धरली. पुढे तीन मैल केळीच्या मळ्यांमधून चालल्या. जागा बघायला आलेय, एवढंच सांगायचं ठरवलं होतं.

वच्छलाबाई पन्नाशीच्या, विधवा, केळीच्या मळ्याच्या मालकीण. दुर्दैवाने दिसायला छान होत्या. अंबाडाही चित्रातल्यापेक्षा मोठा निघाला.

"बसा ना माय," त्या म्हणाल्या. "डाळ शिजवून पाह्यची? गुरुजींसारखंच शे तुमचं बी! ठेवते ना चुलीवर."

प्रमिलाबाईंनी डाळ स्वतःची दिली, पाणी स्वतःच्या हाताने भरलं, आणि चुलीपासून तसूभर हलल्या नाहीत. डब्यांवरून नजर फिरवली. सोडा कुठेच नव्हता. पाऊण तास व्हायच्या आतच डाळीचा गोळा झाला. नदीने पुरता घात केला होता.

"गुरुजी जेवता बी कसे मन लावून!" वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तीन भाकरी कव्हा जाता, कळत बी नाही. असा माणूस शेजारी आला तं मळ्याला बी सोबत होईल." मग सहज मान वर करून विचारलं, "पन माय, तुम्ही त्यांच्या कोन लागता?"

कोण लागत होत्या प्रमिलाबाई? बसमधल्या भिजलेल्या बाई. दोन पोस्टकार्डांच्या धनी. "कोणी नाही," त्या म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेवर केळीच्या पानाआड उभं राहून डोळे पुसले. आपण रडतोय याचाच त्यांना जास्त राग आला.

पुढच्या रविवारी गुरुजी डोंगराखाली आले. आज काय तो निर्णय, आजच पाटलांना सांगायचं. प्रमिलाबाईंच्या क्वार्टरमध्ये स्टोव्ह पेटला. दवाखान्यातली मदतनीस गुंताबाई पाटलांच्या विहिरीवरून ताजी कळशी घेऊन आली. प्रमिलाबाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती; त्यावरून गुंताबाई सकाळपासून पदरात हसत होती.

गुरुजी वही घेऊन अंगणात डोंगर काढत बसले. डाळ उकळत होती. एक तास झाला. प्रमिलाबाईंनी पळीत चार दाणे घेऊन दाबले. खड्यासारखे टणक! आता हा माणूस उठेल, हात जोडेल आणि जन्मभरासाठी त्या अंबाड्याच्या शेजारी जाऊन राहील.

त्यांचा हात फळीकडे गेला. डब्यातला सोडा चांगली चिमूटभर घेतला आणि पातेल्यात सोडला. डाळ फसफसून वर आली.

"सिस्टरबाई, हाई काय करी राह्यनात?" गुंताबाई दारातून कुजबुजली. "डायमा सोडा?"

"तू काही पाहिलं नाहीस."

"मी बठ्ठं देखं. पन कोनले सांगाव नही," गुंताबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून मागच्या दाराने पळाली.

गुरुजी जेवले. दोन वाट्या डाळ घेतली, पातेलं कललं तेव्हा आणखी अर्धी. "शिजली की हो," ते म्हणाले. "मग ठरलं. डोंगरच. येतो पाटलांना सांगून."

ते फाटकातून बाहेर पडले. प्रमिलाबाई जिंकल्या होत्या. आनंदाने उडी मारायची, तर त्या सोड्याचा डबा हातात घेऊन बसल्या. या माणसाने विचारलं होतं ते फक्त पाण्याला, आणि त्यांनी पाण्याला खोटं बोलायला लावलं होतं. उद्यापासून तो रोज त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवणार, एकटा, दीड-दीड तास बसून. आणि त्या शेजारून बघणार...

चपला घालायलाही न थांबता त्या धावल्या. पाटलांच्या ओसरीच्या अलीकडे, निंबाखाली त्यांनी गुरुजींना गाठलं.

"गुरुजी... थांबा. मी डाळीत सोडा घातला."

गुरुजी वळले. "ठाऊक आहे."

"काय?"

"सोड्याची डाळ मागून कडवट लागते. पहिल्या घासालाच कळलं."

"मग दोन वाट्या कशा खाल्ल्यात?"

"बाई, नऊ वर्षांत मला थांबवायला कुणी चिमूटभर खोटं केलं नव्हतं." गुरुजींनी त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "इथं राहून पाणी नदीवरून आणलं असतं की मी. कॅन आहेच माझ्याकडे."

प्रमिलाबाईंच्या तोंडून मग एकदम सगळंच बाहेर पडलं.

"मी सावद्याला जाऊन आले. त्यांची डाळ बघायला. त्यांनी सोडा घातला नव्हता. डबे तपासले मी!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "मला जळायला होतं, गुरुजी. त्या भाकऱ्या वाढतात म्हणून जळायला होतं. तुम्ही त्यांचा एकेक केस काढलात म्हणून रात्रभर झोप नाही लागली."

"पाठमोरं काढलं तर केसच दिसणार ना..." गुरुजींच्या मिशीत हसू मावेना. "तुमचा चेहरा काढायला घेतो, तर हातच थरथरतो. म्हणून नखाएवढं काढतो."

वाऱ्याने निंबाची पिवळी पानं दोघांच्या मध्ये पडत होती. मागे डोंगर उभा होता, बावीस वर्षांचा ओळखीचा. प्रमिलाबाईंनी त्याच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. गुंताबाई आठवली, तिची दोन्ही बाळंतपणं आठवली.

"पाणी नदीचंच चांगलं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "घर तिथंच बांधा."

"आणि तुम्ही? तिथं शेजारी आणखी एक जागा रिकामी..."

"नको. शेजारीण तिथं एक आहे. दुसरी शेजारीण व्हायला मी एवढा डोंगर सोडून येणार नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कानापर्यंत लाल झालेला तो अठ्ठावन्न वर्षांचा माणूस काही बोलणार, एवढ्यात ओसरीवरून सुपडू पाटलांनी हाक दिली, "काय गुरुजी, कोणती जागा धरू तुमच्या नावावर? ही का ती?"

गुरुजींनी पाटलांकडे पाहिलं आणि पुन्हा चष्मा काढला. मग प्रमिलाबाईंनीच त्यांचा हात भरउन्हात, पाटलांच्या डोळ्यांदेखत, घट्ट धरला.

"तुमच्या दोन्ही जागा दुसऱ्या कुणाला द्या, पाटील," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आमचं लग्न ठरलंय."