कॅसेटमधून गेलेली हाक

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथं होतो. खरी मानायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

साल १९७८. सौदीत दम्मामच्या उत्तरेला, कुवेतच्या हद्दीकडे तेलाची पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. मी केरू, गुहागरकडचा. तिथं वेल्डर होतो. माझा चुलतभाऊ कमलाकर माझ्याच खोलीत राहायचा. वयानं लहान, नुकतंच लग्न झालेला. मला दादा म्हणायचा.

त्याच्या बायकोवरून अख्खा कॅम्प त्याच्यावर जळायचा.

कारण रेखा कॅसेट पाठवायची.

गावाकडून कोणी कामावर परत आला की त्याच्या बॅगेत आमसुलं, पापड आणि रेखाची कॅसेट. तिनं बोलून भरलेली. शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की कमलाकर टेप लावायचा, आणि आम्ही झोपेचं सोंग घेऊन ऐकायचो.

"अहो, ऐकताय ना?" अशी सुरुवात. मग दर वाक्याला अहो. अहो, गाय व्याली. अहो, आई औषध घेत नाहीत.

शेजारच्या खाटेवरचा उमाकांत म्हणायचा, "कमळ्या, बंद कर ते. माझ्या बायकोनं लग्न झाल्यापासून मला एवढ्यांदा अहो म्हटलं नाही."

सगळे हसायचे. मग जो तो भिंतीकडे तोंड करायचा.

मीसुद्धा.

कॅम्पपासून थोडं दूर एक बुजलेली विहीर होती. बाजूला मातीची पडकी भिंत. एका दुपारी कमलाकर तिकडून काम करून आला.

"दादा, तिकडे एक बाई राहते."

"कुठे?"

"भिंतीपलीकडे. पाणी मागत होती. मी थर्मास भिंतीवर ठेवला आणि पाठ फिरवली. बघितलं म्हणून उगाच लफडं नको."

"बरं केलंस. मग?"

"मग काय? येतो म्हटलं आणि आलो."

आपल्यात कोणी जातो म्हणत नाही. निघताना येतो म्हणतो. कमलाकरनं तेच अरबीत म्हटलं होतं. अना जाय. मी येतोय.

थर्मास तो तिथंच विसरला होता. तो आणायला मी गेलो.

पाणी काठोकाठ होतं.

भिंतीपलीकडे डोकावलो. सपाट वाळू...

एकही पाऊल नाही.

शुक्रवारी कॅसेट लावली. जुनीच, आम्हा सगळ्यांना पाठ झालेली.

"... ऐकताय ना?"

कमलाकरनं टेप मागे नेऊन पुन्हा लावली.

"... ऐकताय ना? ... गाय व्याली. ... आई औषध घेत नाहीत."

अहो नव्हतं.

बाकी सगळं जागेवर होतं. कोंबड्या, रहाट, सासूचा खोकला. फक्त अहोच्या जागी शांतता. कापडाला कसर लागावी तशी.

"टेपचं हेड साफ कर," उमाकांत म्हणाला.

"हेड खराब असतं तर कोंबडी कशी ओरडली असती?"

दुसरी कॅसेट लावली. तिच्यातही तेच.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी रेखाचा सगळा आवाजच गेला होता.

टेपमध्ये सासू विचारते, "मीठ घातलंस का गं?"

...

मग सासूच म्हणते, "बरं."

त्या रिकाम्या जागेत कोणीतरी श्वास घेतला. अगदी जवळून.

"मता?"

बाईचा आवाज. तो शब्द कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होता. मता म्हणजे कधी.

उमाकांतनं उठून प्लग काढला. त्यानंतर त्यानं कमलाकरला कधी चिडवलं नाही.

कॅम्पाचा चौकीदार सालेम तिथलाच म्हातारा बदू, वाळवंटातला भटका अरब होता. आम्ही त्याच्याकडे गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम क्या बोला उसको?"

"आता है, बोला."

"आने का था?"

"नहीं. जाने का था."

मग सालेमनं सांगितलं. तो लहान होता तेव्हा इथल्या टोळ्यांनी राजाविरुद्ध बंड केलं होतं. राजानं इंग्रजांशी तह केला होता. इंग्रजांनी वाळूत हद्दीची रेघ ओढली आणि पलीकडे जायचं नाही असं ठरलं. टोळ्यांनी ऐकलं नाही. मग रेघेकडून इंग्रजांची विमानं आली, मागून राजाचे स्वार.

या विहिरीवरचा एक माणूस बंडात गेला. सफूरा नावाच्या बाईचा नवरा. जाताना येतो म्हणाला.

आला नाही.

बाकीच्या काहींनी शरणागती पत्करली. ते घरी आले. त्यांच्या बायका दारातून त्यांना हाका मारायच्या, आणि सफूरा भिंतीआडून ऐकायची.

"नवऱ्याला हाक मारणारी बाई तिला सहन होईना," सालेम म्हणाला. "तिनं विहिरीवर यायचं सोडलं. एका उन्हाळ्यात तहानेनं गेली. विहिरीपासून चार पावलांवर."

कमलाकरचा चेहरा उतरला. त्याची सुट्टी जवळ आली होती.

"दादा, मला आता रेखाचा आवाज आठवत नाही. आठवायला गेलो की नुसत्या कोंबड्या ऐकू येतात."

सालेम म्हणाला, "तू येतो म्हणालास, ती वाट बघतेय. जा आणि तिला जातो म्हणून सांग. अना रायेह. एवढंच. वळून बघू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. मी अलीकडेच थांबलो. वारा पडला होता. कमलाकर भिंतीशी उभा राहिला. तोंडात ते शब्द घोळवत होता. आयुष्यात कधी न म्हटलेले.

"अना रायेह."

भिंतीपलीकडे काहीतरी सरकलं... वाळूवरून कपडा ओढावा तसं. लांब जात होतं.

मला हायसं वाटलं.

कमलाकर वळला. आणि वळता वळता, कोणाच्याही घरातून निघताना म्हणतो तसं, सहज म्हणाला,

"बरं, येतो हां. अना जाय."

कपड्याचा आवाज थांबला.

मग परत येऊ लागला.

मी त्याचा हात धरून ओढलं. "अरे, काय बोललास?"

"काय? सांगितलं ना, जातो म्हणून."

"नंतर?"

"नंतर काहीच नाही."

आजही तो हेच सांगतो.

सुट्टीवर आम्ही बरोबरच गावी आलो. रेखा अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकात उभी होती. तिनं हाक मारली, "अहो!" मी ऐकली. माझ्या बायकोनं, सत्यभामानं ऐकली. कमलाकर रस्त्याकडे बघत राहिला. रेखानं जवळ येऊन हात धरला तेव्हा तो दचकला.

आईचं ऐकू येई. माझं ऐकू येई. फक्त रेखाचं नाही.

चिपळूणच्या डॉक्टरनं कान तपासले. ठणठणीत.

तो पुन्हा सौदीला गेला नाही. मी जाऊ दिलं नाही. पण रेखाचा संशय इतक्या वर्षांत गेला नाही. परवा अंगणात तिनं मला गाठलं. आता तिचेही केस पिकलेत.

"दादा, खरं सांगा. तिकडे यांची कोणी होती?"

"नाही गं."

"मग दुपारी पडवीत बसून हे कोणाशी हळू आवाजात बोलतात? माझ्याशी तर असं कधी बोलले नाहीत." जरा थांबून तिनं विचारलं, "माझ्याहून गोरी होती का?"

"मी तिला पाहिलेलंच नाही, रेखा."

"तुम्ही भाऊच त्यांचे. लपवणारच."

ती रागानं निघून गेली.

काल ती आमच्या दारात आली होती. मी खुर्चीवर होतो. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि परत गेली. मला वाटलं, राग आहे अजून.

सत्यभामा आतून आली.

"काय हो हे? ती बिचारी केवढं बोलली. तुम्ही एक शब्द उत्तर दिलं नाहीत."

मी काही ऐकलं नव्हतं...

सत्यभामाचं मला सगळं ऐकू येतं. अजून तरी.