दुरुस्तीची चिठ्ठी

हॉस्पिटलच्या समितीचं पत्र एका ओळीचं होतं. बहीण ही कायद्याने जवळची नातेवाईक नाही, सबब तिची किडनी भावाला देता येणार नाही. वाचून मी चक्क हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असली माणसं मी कोर्टात रोज बघते. आमच्या दोघांच्या तपासण्या जुळल्या होत्या, ऑपरेशन परवावर आलं होतं. वडील हयात नव्हते. आईला मधुमेह, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. माझ्या किडनीशिवाय धाकटा वाचणार नव्हता. आता कायद्याचं कलम काढायचं, समितीच्या नाकासमोर धरायचं आणि मोकळं व्हायचं.

दुपारच्या सुट्टीत मी कोर्टाच्या ग्रंथालयात गेले. तिथे कायम जुन्या कागदाचा आणि खळीचा वास असतो. ग्रंथपाल खिडकीपाशी चिठ्ठ्या कापत बसले होते. कायदा बदलला की सरकार आख्खं पुस्तक नव्याने छापत नाही. बदललेल्या ओळी तेवढ्या छापून पाठवतं आणि ग्रंथपाल त्या जुन्या ओळींवर चिकटवतात.

"काय वकीलबाई, आज कुणाला अडकवताय?"

"आज सोडवायचंय. भावाला."

"मग लागा कामाला. तुमच्यासारखी बहीण असल्यावर त्याला कसली काळजी!"

मी व्याख्यांचं पान काढलं. जवळचे नातेवाईक म्हणजे आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ. पुढे बोटभर चिठ्ठी. 'बहीण' हा शब्द वगळला.

अशा चिठ्ठीखाली राजपत्राचा संदर्भ छापलेला असतोच. हिच्याखाली नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. संदर्भ नसलेली दुरुस्ती म्हणजे नुसता कपटा.

"ही तुम्ही लावलीत?"

ग्रंथपालांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "नाही बुवा. असली चिठ्ठी आलेलीच नाही."

पण खळ ओली होती. माझ्या बोटाला लागली.

मी त्याच कायद्याची दुसरी प्रत काढली. तिच्यातही चिठ्ठी. मग एका प्राध्यापकांचं जाडजूड भाष्य काढलं, वरच्या फळीवरचं, धुळीने माखलेलं. धूळ जशीच्या तशी आणि आत चिठ्ठी ओली. शेवटी कायद्याचा शब्दकोश उघडला. 'बहिष्कार' आणि 'बहुमत' यांच्यामध्ये तीच चिठ्ठी होती.

शब्दकोशाला कुणी दुरुस्ती करत नाही. सरकारसुद्धा.

मला भीती वाटली. वीस वर्षं वकिली केलेल्या बाईला भर दुपारी पुस्तकाची भीती वाटली.

नखाने चिठ्ठी सोलून काढली. खाली छापील शब्द नव्हता. नुसता कोरा कागद होता.

"हे बघा," मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "इथे काय होतं?"

"काही नव्हतंच की. कुणाची केस ही?"

"सांगितलं ना, माझ्या भावाची."

"अशिलाला भाऊ म्हणता होय!" ते कौतुकाने हसले. "हल्ली कोण एवढं करतंय."

मी धावत व्हरांड्यात आले आणि फोन लावला. आई हॉस्पिटलात त्याच्या उशाशी होती.

"आई, मी बोलतेय."

"कोण आपण?"

जन्मात आईने मला अहो-जाहो केलं नव्हतं.

"आई, अगं मी!"

"अच्छा, किडनी द्यायला निघालेल्या त्या वकीलबाई का? एकुलतं एक लेकरू आहे हो माझं. परक्या असून तुम्ही एवढं केलंत. पण नात्यातल्या नाहीत म्हणून समितीवाले नको म्हणाले."

फोनमध्ये मागून कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. तेच ते, पुन्हा पुन्हा.

"तो काय म्हणतोय?" मी कसंबसं विचारलं.

"काही नाही हो, नुसता बडबडतोय. सकाळपासून ताई, ताई चाललंय. आमच्यात तर ताई कुणीच नाही." तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला. "डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबेल ते."