दांड्यावरचा दुसरा हात

मी हट्टी आहे, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे "मग पळून का नाही गेलीस?" असं कुणी विचारायला नको.

गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, नाच विसरा. आई म्हणाली, "बरं झालं, एकदाची घरात टिकशील." बॅले शिकवणाऱ्या आमच्या बाई म्हणाल्या, "सोमवारी नृत्यसंघाची निवड आहे. गुडघा लटपटला तर यादीतून नाव कापीन. पुढच्या वर्षी तुझं वय बसणार नाही." झालं! जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या हॉलमध्ये मी एकटीच सरावाला लागले.

भिंतीभर आरसा आणि त्याच्यापुढे कमरेच्या उंचीवर लाकडाचा लांब दांडा. सकाळी वजन उतरवायला येणाऱ्या बायका त्याला अशा काही लोंबकळतात, की तो पार खिळखिळा झालाय. एका टोकाला कुणी हात ठेवला की दुसऱ्या टोकावरच्या तळहाताला कळतं. बाईंचा नियम असा, की दांड्यावर हात नुसता टेकवायचा, धरायचा नाही. धरला की आपलं वजन तो घेतो आणि पाय आळशी होतो.

त्या गुरुवारी डावा हात टेकवून मी उजवा पाय उचलला. सगळा भार डाव्या गुडघ्यावर, ऑपरेशनच्या. तो कापायला लागला. तेवढ्यात दांडा हलला... माझ्या मागून. कुणीतरी अलगद हात ठेवावा तसा. बुटांना चोळायच्या राळेचा वास आला. मी तर राळ लावलीच नव्हती.

आरशात मी एकटीच होते.

"कोण असशील ती अस बाई," मी म्हटलं, "मला सोमवार गाठायचाय." आवाज फाटला, पण पाय खाली आणला नाही.

एक बाजू झाली की वळून उलटं तोंड करायचं आणि तेच दुसऱ्या पायाने करायचं. म्हणजे मागची आपोआप पुढे येते. हे आठवलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. तरी वळले. समोर नुसता दांडा. हात लावून पाहिला. लाकूड कोमट होतं, घामाने ओलसर.

दारातून बाईंचा आवाज आला, "अगं, अंतर ठेव. तिला पाय लागेल..."

"कुणाला, बाई?"

"कुणाला नाही... तू घरी जा."

"सोमवारनंतर जाईन."

शनिवारी गुडघ्याने दगाच दिला. पडणार म्हणताना मी नियम मोडला, दांडा जीव खाऊन धरला. आणि लाकडाच्या जागी बोटं लागली. बारीक, घामाने ओलसर. त्यांनीही मला धरलं. आणि गुडघा, चार महिन्यांत पहिल्यांदाच, खांबासारखा उभा राहिला! हात काढता आला असता. मी काढला नाही, खोटं कशाला बोलू?

सोमवारी दांड्यावरचा भाग निर्विघ्न झाला. मग बाई म्हणाल्या, "आता दांडा सोडा, मध्ये या." खरी परीक्षा तिथेच असते, आधाराशिवाय. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. तीन परीक्षक समोर. उजवा पाय उचलला, डावा हात हवेत पसरला... आणि तो त्याच बोटांवर टेकला. गुडघा जराही हलला नाही. माझी निवड झाली.

बाईंनी अभिनंदन केलं ते माझ्या डाव्या बाजूला बघत.

आता सहा वर्षं मी रंगमंचावर आहे. एकही प्रयोग चुकवलेला नाही, उद्याचाही चुकवणार नाही. नाच माझा आहे, तो मी कुणाला देणार नाही. फक्त शेवटी टाळ्या वाजतात ना, तेव्हा वाकून अभिवादन करायचं असतं. पूर्वी आधी मी वाकायचे आणि मग डावा हात खाली यायचा. हल्ली हात आधी खाली ओढला जातो. मग मी वाकते.